हेतू वहीत उतरला पाहिजे

वाचकहो, गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही काही मंडळी चर्चच्या पडवीत बसलो होतो. तेवढ्यात गावातील पाच-सहा तरुण-तरुणी एक विचार घेऊन आली. दरवर्षी आपण काजूच्या बिया पोत्यांनी व्यापाऱ्याच्या गाडीत घालतो आणि तो सांगेल तो दर पदरात पाडून घेतो. त्याच बिया गावातच वाफवून, फोडून, गर वाळवून, सोलून व प्रतवारी लावून आपण का विकू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्यातील एक मुलगी म्हणाली, "या कामाने गावातल्या वीस बायांच्या घरचा खर्च चालेल. त्यासाठीच हे केंद्र काढायचे आहे." बाकावर बसलेले एक वृद्ध काका शांतपणे उत्तरले, "बाय, धंदा करायचा तर धंदा कर, दानधर्म करायचा तर दानधर्म कर. दोन्ही एकाच मडक्यात शिजवू गेलीस तर दोन्ही करपतील."

यावर कोणीच काही बोलले नाही. कारण काका उगीच बोलत नव्हते, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या गावात एक सहकारी दुकान निघाले होते. गोरगरिबांस तांदूळ, तेल व साखर वाजवी दराने आणि चोख मापाने मिळावी, हा त्याचा हेतू. फादरांनी आशीर्वाद दिला, घराघरांतून भागाचे पैसे गोळा झाले. काकांनी एक म्हैस विकून आपला भाग भरला होता. तीन वर्षांत त्या दुकानाला कुलूप लागले आणि म्हशीचे पैसे बुडाले ते बुडालेच. दुकानाच्या पंचमंडळात आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या कुलपाचे कारण आम्ही या लेखाच्या अखेरीस सांगू.

तूर्त प्रश्न असा आहे की, लोकांचे भले करण्याचा हेतू हा धंद्याच्या पाठीवरील ओझे आहे, की धंद्याचा पाया आहे? अशा प्रश्नावर नुसता वाद घालण्यात अर्थ नसतो. ज्या ठिकाणी हा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात, कित्येक दशके, हजारो कुटुंबांच्या पोटापाण्यासह पारखला गेला, तेथे जाऊन पाहावे हे बरे. असे एक ठिकाण युरोपात स्पेन देशाच्या उत्तरेस, बास्क लोकांच्या मुलुखात आहे. त्याचे नाव मोंद्रागोन. तेथील कार्याचा आरंभ एका साध्या धर्मगुरूने केला. म्हणून आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांना ही कथा विशेष जवळची वाटेल, अशी आमची खात्री आहे.

या धर्मगुरूंचे नाव फादर होसे मारिया अरिस्मेंदियारिएता. नाव लांबलचक असल्यामुळे आपण त्यांना फादर होसे मारिया असेच म्हणू. त्यांचा जन्म १९१५ साली मार्किना गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. बालपणीच एका अपघातात त्यांचा एक डोळा गेला. थोरला मुलगा या नात्याने घर व शेत त्यांच्याकडे यायचे. परंतु त्यांनी तो हक्क सोडला आणि सेमिनरीची वाट धरली. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. त्या काळात त्यांनी बास्क भाषेतील एका वृत्तपत्रात काम केले, आणि जनरल फ्रँको यांच्या सैन्याचा जय होताच त्यांना तुरुंगात पडावे लागले. तेथून सुटून त्यांनी शिक्षण पूर्ण केले, गुरुदीक्षा घेतली, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये मोंद्रागोनच्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू म्हणून ते रुजू झाले.

मोंद्रागोन हे डोंगरांच्या कुशीतले, काही हजार वस्तीचे गाव. लोखंडकामाची परंपरा जुनी. पण युद्धाने गाव खिळखिळे केलेले. कित्येक घरांतील कर्ता पुरुष मेलेला, तुरुंगात पडलेला वा परागंदा झालेला. क्षयरोग होता, उपासमार होती, आणि जित आणि जेते एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकत असले तरी एकमेकांशी बोलत नसत. नव्या फादरांकडून लोकांनी मोठ्या अपेक्षा कराव्यात असे काहीच नव्हते. त्यांची प्रवचने रुक्ष असत आणि ऐकणाऱ्यांना ती नीट कळतही नसत, असे त्यांच्या चाहत्यांनीच नमूद करून ठेवले आहे. परंतु १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, तेव्हापासून ख्रिस्तसभेने श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी जी शिकवण मांडली, ती त्यांच्या मनात खोल रुजली होती. ती शिकवण व्यासपीठावरून नीट सांगता येत नसेल, तर हातांनी करून दाखवावी, असे जणू त्यांनी ठरविले.

त्यांनी प्रथम कारखाना काढला नाही, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. त्यांनी प्रथम शाळा काढली. गावात कुलुपे व लोखंडी सामान बनविणारी एक मोठी कंपनी होती. तिची स्वतःची शिकाऊ शाळा होती. पण तीत मोजक्याच मुलांना, बहुधा कंपनीच्या कामगारांच्या मुलांना, प्रवेश मिळे. ही शाळा गावातील इतर मुलांनाही खुली करावी, अशी विनंती फादरांनी केली. ती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवल्या आणि गावकऱ्यांना सांगितले की, ज्यांना अशी शाळा हवी असेल त्यांनी आपले नाव, व पैसा किंवा श्रम यांपैकी जे देता येईल ते कागदावर लिहून पेटीत टाकावे. शेकडो चिठ्ठ्या पडल्या. १९४३ साली वीस मुलांनिशी शाळा उघडली. शाळेची मालकी गावाची आहे, ही भावना पहिल्या दिवसापासून होती, कारण तिच्या भिंतीत प्रत्येकाची चिठ्ठी होती.

शाळेपासून पहिल्या कारखान्यापर्यंत तेरा वर्षे गेली. या तेरा वर्षांत मुले यंत्रे शिकली. त्यांतील काहींनी दिवसा कारखान्यात राबून आणि रात्री अभ्यास करून सारागोसा विद्यापीठाची तांत्रिक पदवी मिळविली. त्याबरोबरच फादर त्यांना घेऊन बसत आणि माणूस व काम, मालक व मजूर, न्याय व नफा यांवर चर्चा करीत. पुढे ही मुले त्याच मोठ्या कंपनीत मुकादम व अधिकारी झाली. कामगारांनाही कंपनीचे भाग घेऊ द्यावेत, असा प्रस्ताव त्यांनी मांडला; तो नाकारला गेला. तेव्हा त्यांच्यापैकी पाच जणांनी चांगली नोकरी सोडली. १९५६ साली या पाच जणांनी मोंद्रागोनमध्ये आपला कारखाना उभा केला. पाचांच्या आडनावांतील अक्षरे जुळवून त्याला 'उलगोर' हे नाव दिले. खेळते भांडवल आले गावातील शेजारी, नातलग व मित्र यांच्याकडून, निव्वळ विश्वासावर. पहिला माल होता घर उबदार ठेवणारी रॉकेलची शेगडी.

आता आपण या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. लोकांना काम देणारा, त्यांना मान देणारा कारखाना काढावा, हा हेतू अनेकांच्या मनात येतो. उलगोरच्या मंडळींचे वेगळेपण असे की त्यांनी तो हेतू मनात न ठेवता नियमांत आणि जमाखर्चात उतरविला. मन बदलते, माणसे मरतात, चांगला अध्यक्ष जातो आणि लोभी येतो. परंतु वहीतील नियम सहजासहजी बदलत नाही. त्यांचे नियम थोडक्यात असे होते.

पहिला नियम मताचा. काम करणारा प्रत्येक जण सभासद, आणि प्रत्येक सभासदास एकच मत. भाग कमी असोत वा जास्त. दुसरा नियम वेतनाचा. सर्वांत खालच्या कामाला एक रुपया मिळत असेल तर सर्वांत वरच्या कामाला तीन रुपयांहून अधिक मिळू नयेत, असे प्रारंभीचे प्रमाण होते. पुढे ते सैल झाले, तरी साधारणतः एकास सहाच्या आतच राहिले. तिसरा नियम नफ्याचा. निव्वळ नफ्यातील दहावा हिस्सा तरी शिक्षण व समाजकार्य यांसाठी आधी काढून ठेवायचा. त्यानंतर मोठा वाटा संस्थेच्या गंगाजळीत टाकायचा. आणि उरलेला सभासदांच्या नावे मांडायचा. परंतु हा सभासदांचा वाटाही रोख हाती द्यायचा नाही. तो प्रत्येकाच्या खात्यात जमा राहतो, त्यावर मर्यादित व्याज मिळते, आणि मूळ रक्कम निवृत्तीच्या वा संस्था सोडण्याच्या वेळी मिळते. म्हणजे नफ्याचा पैसा वर्षानुवर्षे धंद्यातच खेळत राहतो.

चौथी गोष्ट बँकेची. धंदा वाढवायचा तर पैसा हवा, आणि मोठ्या बँका अशा नवख्या मंडळींना दारात उभे करीत नव्हत्या. फादर म्हणाले, आपणच बचतीची पेढी काढू. तरुण सभासदांना ही कल्पना मुळीच रुचली नाही; कालपर्यंत आपण हातोडा धरणारे, आज कसेबसे कारखाना चालवितो, उद्या सावकारी कशी करणार, असे त्यांना वाटले. तरीही फादरांनी आग्रह सोडला नाही, आणि १९५९ साली 'काखा लाबोराल' ही श्रमिकांची बँक सुरू झाली. गावोगाव लोकांपुढे एक साधा पर्याय ठेवण्यात आला: बचतीचे पुस्तक हवे, की परगावी जाण्याची पेटी हवी? आपला पैसा येथे ठेवाल तर तुमच्या मुलाला येथेच काम मिळेल. नाहीतर त्याची पेटी भरून त्याला निरोप द्यावा लागेल.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या गावांना किती लागू आहे, हे सांगणे नलगे. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर ती पेटी आहे. कोणाचा मुलगा मुंबईस, कोणाचा आखाती देशांत, कोणाची मुलगी परदेशी रुग्णसेवेत. त्यांच्या पाठविलेल्या पैशावर घरे उभी राहिली, हे उपकारच. परंतु त्या पैशाचा किती भाग गावात कामाला लागला आणि किती भाग संगमरवरी फरशीखाली निजला, याचा विचार एकदा प्रत्येकाने करावा.

या सर्व नियमांचा परिणाम काय झाला? फादर होसे मारिया नोव्हेंबर १९७६ मध्ये मरण पावले, तोपर्यंत त्या खोऱ्यात आणि आसपास अनेक सहकारी कारखाने उभे राहिले होते. सामाजिक विम्याची व्यवस्था, ग्राहक भांडार, संशोधन केंद्र हेही निर्माण झाले. त्या लहान शाळेतून पुढे विद्यापीठ निघाले. आज मोंद्रागोनच्या समूहात सुमारे ऐंशी सहकारी संस्था व सत्तर हजारांच्या आसपास कामगार आहेत. २०१५ साली तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी फादरांच्या सद्गुणांना मान्यता देऊन संतपदाच्या वाटेवरील 'पूजनीय' ही पदवी त्यांच्या नावामागे लावली.

पण हे सर्व हेतूमुळे झाले, असे का म्हणावे? हुशार माणसांनी मन लावून धंदा केला आणि तो चालला, असे का म्हणू नये? याचे उत्तर बऱ्या दिवसांत मिळत नाही. वाईट दिवसांत मिळते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बास्क मुलुखातील लोखंड व जहाजबांधणीच्या धंद्यांवर मोठी मंदी आली. कारखान्यांमागून कारखाने बंद पडले, बेकारी भयंकर वाढली. त्या वेळी मोंद्रागोनच्या सभासदांनी आपापल्या सभांत बसून, स्वतःच्या मताने, स्वतःचे वेतन कमी करून घेतले. ज्या संस्थेत काम उरले नाही तेथील माणसे, ज्या संस्थेत काम होते तेथे नेली. नफ्यातील संस्थांनी तोट्यातील संस्थांस हात दिला. बेकारीच्या त्या पुरात फारच थोड्या सभासदांना घरी बसावे लागले. परक्याच्या कारखान्यात पगार कमी करण्याचा ठराव मजूर कधी आपणहून करील काय? येथे त्यांनी केला. कारण पुस्तके त्यांच्यापुढे उघडी होती, वरचा माणूस आपल्याहून शंभरपट घेत नाही हे त्यांना दिसत होते, आणि वाचणारा कारखाना आपल्या मुलांसाठी वाचणार होता. सामाजिक हेतू धंद्याला टिकवितो तो असा. पडत्या काळात त्याग मागण्याचा अधिकार तो देतो.

येथेच लेखणी थांबविली तर हे एक गोड प्रवचन होईल. पण ते अर्धेच सत्य ठरेल. मोंद्रागोन म्हणजे स्वर्ग नव्हे. १९७४ साली उलगोरमध्येच कामाच्या श्रेणी ठरविण्यावरून संप झाला, आणि संपाच्या सतरा पुढाऱ्यांना संस्थेने काढून टाकले. आपल्याच भावांना असे घालविल्याचा सल पुढे अनेक वर्षे राहिला. त्याहून मोठा आघात २०१३ साली झाला. उलगोरचेच पुढचे रूप म्हणजे फागोर ही घरगुती यंत्रे बनविणारी संस्था. कपडे धुण्याची यंत्रे, शीतकपाटे, चुली हा तिचा माल. तिने मोठे होण्याच्या इच्छेने २००५ साली फ्रान्समधील ब्रांट ही कंपनी विकत घेतली व डोक्यावर मोठे कर्ज घेतले. २००८ साली स्पेनमध्ये घरबांधणीचा धंदा कोसळला. नवी घरे बांधली जाईनात, तेव्हा नव्या घरात लागणारी यंत्रे कोण घेणार? वर्षामागून वर्ष तोटा येऊ लागला. इतर संस्थांनी आपल्या गंगाजळीतून कोट्यवधी युरो दिले. अखेर २०१३ च्या शरद ऋतूत त्यांनी सांगितले की आता आणखी देऊ लागलो तर आपण सारेच बुडू. फागोरने दिवाळे जाहीर केले. जगभरातील तिचे सुमारे ५६०० कामगार त्याच्या तडाख्यात सापडले.

यानंतर जे घडले त्यातून आपल्याला दोन्ही बाजूंनी शिकता येते. फागोरच्या बास्क सभासदांपैकी बहुतेकांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले किंवा वेळेआधी निवृत्ती दिली; गाव उघड्यावर पडले नाही. हा नियमांचा व गंगाजळीचा पुण्यप्रभाव. परंतु सभासदांच्या खात्यात साठलेले भांडवल, आणि कित्येकांनी विश्वासाने संस्थेस दिलेली बचत, बुडाली. म्हातारपणाची पुंजी डोळ्यांदेखत गेलेली माणसे कार्यालयापुढे जमली, तेव्हा त्यांच्या मनात काय होते, हे आमच्या काकांना विचारावे. शिवाय फ्रान्स, पोलंड आणि मोरोक्को येथील कारखान्यांतील कामगार हे सभासद नव्हतेच. ते पगारी नोकर होते. त्यांच्यासाठी दुसऱ्या संस्थेत जागा राखलेली नव्हती. म्हणजे समतेचा नियम देशाच्या सीमेपाशी थांबला होता. मोंद्रागोनचे मित्रही हा दोष लपवीत नाहीत.

यावरून आम्ही काय समजावे? चांगला हेतू बाजाराला फसवू शकत नाही. शीतकपाट विकले गेले नाही तर ते कोणत्या पवित्र भावनेने बनविले होते, हे सावकार विचारीत नाही. शुभवर्तमानात बुरूज बांधू निघालेल्या माणसाचा दाखला आहे. त्याने आधी बसून खर्चाची गणना करावी, असे प्रभू सांगतो. हिशेब ही धर्माबाहेरची, व्यापाऱ्यांची गोष्ट आहे असे समजणारे आपले पुष्कळ भाविक बांधव हा दाखला विसरतात. ज्याच्या हाती विधवेची पुंजी आहे, त्याने हिशेब चोख ठेवणे हीच त्याची सेवा, आणि हिशेब न ठेवणे हे त्याचे पाप.

आपल्या देशातही याचा पडताळा येतो. वडोदऱ्याच्या आमच्या वाचकांना आणंद दूर नाही. तेथील खेडा जिल्ह्यातील शेतकरी आपले दूध एकाच बड्या दुग्धालयाच्या दलालांना, ते देतील त्या भावाने घालीत असत. १९४६ साली त्यांनी सरदार पटेलांच्या सल्ल्याने दूध घालणेच बंद केले, आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढारपणाखाली आपला सहकारी संघ स्थापला. आरंभी दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला अवघे अडीचशे लिटरच्या आसपास दूध. हाच संघ पुढे अमूल या नावाने सर्वतोमुखी झाला. १९४९ साली तेथे आलेले डॉ. वर्गीस कुरियन यांच्या कर्तृत्वाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तो संघ टिकला त्यात गावच्या केंद्रावरील साध्या व्यवहाराचा वाटा मोठा आहे. दूध मोजायचे सर्वांसमक्ष, स्निग्धांश तपासायचा सर्वांसमक्ष, आणि पैसा द्यायचा वेळच्या वेळी. एका म्हशीची विधवा आणि वीस म्हशींचा पाटील एकाच रांगेत भांडे घेऊन उभे. गुरे आजारी पडली तर पशुवैद्य संघाचा. येथेही हेतू भाषणात राहिला नाही. तो मापात उतरला.

आता आमच्या दुकानाचा हिशेब देण्याची वेळ आली. त्याचा हेतू काकांच्या म्हशीइतकाच खरा होता, यात आम्हाला आजही शंका नाही. मग कुलूप का लागले? पहिले कारण असे की, आम्हा पंचांपैकी एकालाही किराणा मालाची खरेदी ठाऊक नव्हती. शिकण्यासाठी कोणास आठवडाभर बाजारपेठेत पाठवावे, हेही सुचले नाही. दुसरे कारण उधारी. आधी खरोखर गरजू घरांना उधार दिले. मग पंचांच्या सोयऱ्यांना. मग ज्यांना नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते अशा सर्वांना. ज्यांना देणे शक्य होते त्यांचीच उधारी सर्वांत मोठी होती. तिसरे कारण असे की, पहिल्या वर्षी थोडा नफा दिसताच सणाच्या उत्साहात तो वाटून टाकला. गंगाजळीत एक पैसा ठेवला नाही. आणि शेवटचे, सर्वांत लाजिरवाणे: दुसऱ्या वर्षापासून वार्षिक सभा भरविलीच नाही, कारण तोटा वाचून दाखविण्याचे धाडस आमच्यात नव्हते. आम्ही स्वतःस समजावीत होतो की, काम देवाचे आहे, तोच निभावून नेईल. प्रत्यक्षात आम्ही आपल्या आळसावर देवाचे नाव घातले होते. भाग बुडालेल्या सर्वांची, आणि विशेषेकरून काकांची, आम्ही येथे क्षमा मागतो.

तेव्हा काकांचे मडक्याचे दृष्टांतवचन आम्ही थोडे बदलून घेऊ इच्छितो. धंदा व परोपकार एकत्र शिजतात, मात्र चुलीपाशी जागे बसावे लागते. काजूचे केंद्र काढू इच्छिणाऱ्या तरुणांना आमची विनंती अशी आहे. आधी शिका, काजूच्या टरफलातील तेल हात जाळते, आणि कच्चा हिशेब घर जाळतो. केंद्र कोणासाठी आहे हे पोटनियमांत लिहा: फोडणाऱ्या व सोलणाऱ्या बाया सभासद असतील की केवळ रोजंदारीवर असतील, वरचे व खालचे वेतन यांत किती अंतर राहील, नफ्यातील कोणता हिस्सा आधी गंगाजळीत जाईल आणि कोणता गावाच्या कामाला लागेल. दर महिन्याचा जमाखर्च सर्वांस ऐकू येईल असा वाचा, आणि तोटा असेल त्या महिन्यात अधिक मोठ्याने वाचा. चर्चच्या नावावर माल खपवू नका. गर स्वच्छ असावा, वजन पुरे असावे, म्हणजे परधर्मीय गिऱ्हाईकही पुन्हा येईल.

आणि आमच्या पिढीच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे की, एकदा पोळलो म्हणून पुढील पिढीच्या चुलीवर पाणी ओतू नये. आपला अनुभव हा त्यांना अडविण्यासाठी नाही. कोठे घसरलो ते दाखविण्यासाठी आहे. तालांत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची धन्याने वाहवा केली नाही, हे आपण दरवर्षी चर्चमध्ये ऐकतोच.

त्या रविवारच्या बैठकीत केंद्राचा निर्णय झाला नाही, आणि ते बरेच झाले. ठरले ते इतकेच की, दोन मुली व एक मुलगा यांनी या हंगामात एखाद्या चालत्या केंद्रावर जाऊन काम करावे, रोज वही लिहावी, आणि परत येऊन सर्वांसमोर ती वाचावी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी पडवीतच वर्गणी जमली. काका काही बोलले नाहीत. उठताना मात्र त्यांनी कनवटीची घडी केलेली नोट काढली, ती त्या मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाय, ही पहिली जमा. वहीत लिही, आणि माझ्यादेखत लिही."

तिने ती तेथेच, त्यांच्यादेखत लिहिली.